शेतावरची जुनी जीप कुणाला देताय? आधी कागद, मग चावी

उचगाव-कुद्रेमानीचा पट्टा असो, खानापूरचा रानाकडचा भाग असो की निपाणी-चिक्कोडीकडचा उसाचा मुलूख, शेती असलेल्या बऱ्याच घरांच्या परड्यात एक जुनी जीप उभी असते. एके काळी तिनं रताळ्याची पोती बेळगावच्या मार्केट यार्डात नेलेली असतात, दुधाचे कॅन वाहिलेले असतात, लग्नाची वऱ्हाडंही पोचवलेली असतात. पुढं घरात पिकअप येते, पोरगा पुण्याला लागतो आणि जीप पावसात कुजत राहते. भंगारवाला जी किंमत सांगतो ती ऐकवत नाही. मग घरात विषय निघतो, की ओळखीतल्या एखाद्या होतकरू पोराला देऊन टाकू, त्याच्या शेताला तरी उपयोग होईल.

आमच्याही घरात असंच ठरलं आणि आमची जीप आता खानापूर तालुक्यातल्या एका घरी आहे. त्या निमित्तानं जे कागद करावे लागले ते क्रमानं लिहितोय, कारण फुकट गाडी देणाऱ्यांची एक समजूत सगळीकडं सारखीच दिसते: पैसे घेतले नाहीत, मग कागद कशाला? कायदा पैसे घेतले की नाही हे बघत नाही. आरसी बुकावर ज्याचं नाव, तो मालक. गाडी कधीच दुसऱ्याला दिली होती, त्यानं तिसऱ्याला दिली होती, पण नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं, अशा एका अपघाताच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. तेव्हा घेणारा कितीही घरचा असला आणि "मामा, चावी द्या की, कागदाचं बघू नंतर" म्हणाला, तरी त्याला बसवा, चहा पाजा आणि खालची कामं आधी उरका.

इथं मी पांढऱ्या पाटीची खासगी जीप धरून लिहिलंय. ट्रॅक्टर आणि पिकअपला काय वेगळं लागतं ते पुढं थोडक्यात येईल.

१. आरसी बुक शोधा आणि नीट वाचा

जुनं आरसी बुक म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटातली, घडीवर फाटलेली, हातानं लिहिलेली वही. ती सापडली की चार गोष्टी बघायच्या: मालकाचं नाव कसं लिहिलंय, नोंदणीची मुदत कधी संपते, कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा लिहिलाय का, आणि चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतात का.

शेवटची गोष्ट लोक टाळतात, कारण त्यासाठी गाडीखाली वाकावं लागतं. चेसिस नंबर लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो, बहुधा उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या आसपास. वर्षानुवर्षांची माती, ग्रीस आणि गंज यांचा त्यावर थर बसतो. चिंधी रॉकेलात किंवा डिझेलात भिजवून थर मऊ करा, मग साध्या ब्रशनं हळूहळू घासा. आकडे दिसायला लागले की पातळ कागद त्यावर धरून पेन्सिल आडवी फिरवा, आकडे कागदावर उमटतात. ही पेन्सिल-प्रिंट पुढं आरटीओला लागते, म्हणून दोन-तीन काढून ठेवा. ग्राइंडर मात्र चुकूनही लावू नका. गॅरेजवाला पोरगा उत्साहानं "आण्णा, मशिन मारू काय?" म्हणतो. मशिन मारलेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि निरीक्षकाच्या मनात शंका बसली की ती निघत नाही.

आरसी बुक हरवलंच असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देऊन त्याची पोच घ्या आणि फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढा. तिच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

आणखी एक. हातानं लिहिलेल्या जमान्यातल्या कित्येक गाड्यांची नोंद संगणकात आलेलीच नसते. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. काहीच आलं नाही, तर ज्या आरटीओत गाडी नोंदली (बेळगाव केए-२२, चिक्कोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९) तिथं मूळ बुक दाखवून आधी जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते. तिथले लोक याला 'बॅकलॉग' म्हणतात. जुनं रजिस्टर काढायचं असतं, त्यामुळं "नाळे बर्री" (उद्या या) ऐकायची तयारी ठेवून जा.

२. घेणाऱ्याला खर्च आधीच सांगा

जीप फुकट असली तरी ती रस्त्यावर आणायला पैसे लागतात, आणि ते कुणी भरायचे हे न बोलल्यामुळंच नंतर सोयऱ्या-धायऱ्यांत तोंडं वाकडी होतात. हिशेब असा पडतो.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी चारचाकीच्या नोंदणीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांवरच्या गाडीला हीच फी १०,००० केली. आपल्याकडच्या जीपा बहुतेक वीस वर्षांच्या वरच्याच. थर्ड पार्टी विम्याचा दर १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून ७,८९७ रुपये आहे, आणि जीपचं इंजिन त्याच गटात येतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ९,३०० च्या वर आकडा जातो. म्हणजे गाडी जागची न हलवता वीस हजारांच्या आसपास खर्च झाला. हरित कर, नंबरपाटी, पीयूसी आणि बॅटरी अजून वेगळी.

ज्याच्याकडं गाडी घ्यायला पैसे नाहीत म्हणून तुम्ही ती देताय, त्याच्या गळ्यात हा खर्च घालण्यात काही अर्थ नाही. माझं मत विचाराल तर नूतनीकरण देणाऱ्यानं स्वतःच्या नावावर असतानाच करून द्यावं, विमा आणि टायर घेणाऱ्यानं बघावेत. तेवढं जमणार नसेल तर जीप भंगारात देऊन ते पैसे त्याच्या हातावर ठेवलेले जास्त बरे. हे कानाला कठोर लागेल, पण शेडमध्ये दुसऱ्याची जीप कुजण्यापेक्षा ते चांगलं.

घेणाऱ्याकडं हलक्या मोटारगाडीचं लायसन आहे का, हेही याच वेळी विचारा. शेतावर सोळा-सतरा वर्षांची पोरं सर्रास स्टेअरिंग धरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. नाव बदलेपर्यंत तो मालक तुम्हीच.

३. बुकावर वडिलांचं नाव असेल तर

निम्म्याहून जास्त घरांत हेच असतं. वडील जाऊन वर्षं झाली, जीप त्यांच्याच नावावर. अशी गाडी परस्पर तिसऱ्याच्या नावावर जात नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती एका वारसाच्या नावावर आणायची आणि मग त्यानं पुढं द्यायची. नियमानं मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यायचा असतो. ती मुदत कधीच उलटलेली असली तरी काम होतं, दंड आणि स्पष्टीकरण तेवढं वाढतं.

लागतं ते असं: मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (गावाजवळच्या महसूल कार्यालयातून) काढलेली वंशावळ (तिथं 'वंशवृक्ष' म्हणून मागा), आणि बाकीच्या सगळ्या वारसांचं संमतिपत्र. इथं भाऊ सह्या करतात आणि बहिणी विसरल्या जातात. लग्न होऊन चंदगडला किंवा गोव्याला गेलेली बहीणसुद्धा वारस आहे, तिचीही सही लागते. जीपसाठी बहीण कधी नाही म्हणत नाही, पण तिला न विचारता झालेलं तिला सहन होत नाही. फोन आधी करा, कागद मागनं पाठवा. गौरी-गणपतीला सगळ्या माहेरी आल्या की हे काम एका बैठकीत होतं.

४. मुदत संपली असेल तर नूतनीकरण

दोन अफवा आधी मोडीत काढू.

पहिली: पंधरा वर्षांची गाडी सरकार जप्त करून मोडते. दिल्लीच्या परिसरातले नियम ऐकून लोक हे बोलतात. सरकारी मालकीच्या गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा एप्रिल २०२३ पासून आहे. तुमची खासगी जीप तपासणीत पास झाली, तर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते.

दुसरी: गाडी फक्त शेतात चालवायची तर नोंदणी कशाला? ही समजूत इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही सांगतात. मोटार वाहन कायद्याचं ३९ वं कलम सार्वजनिक जागीच नव्हे तर 'इतर कोणत्याही ठिकाणी'सुद्धा विनानोंदणी गाडी चालवायला मनाई करतं. शिवाय शेत रस्त्याच्या अलीकडं आणि गोठा पलीकडं, अशीच आपली वस्ती. डांबरी ओलांडल्याशिवाय कुणाची जीप शेतात जाते?

नूतनीकरणाला फॉर्म २५ भरायचा आणि गाडी प्रत्यक्ष आरटीओत न्यायची. ब्रेक इन्स्पेक्टर (म्हणजे आरटीओचा वाहन निरीक्षक) बघतो ते लाइट, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक, वायपर, आरसे, टायर आणि धूर. जीपच्या बाबतीत हँडब्रेक आणि वायपर या दोन गोष्टी हमखास बंद असतात, कारण शेतात त्यांची गरजच पडलेली नसते. आधी गावातल्या मेस्त्रीकडून तेवढं करून घ्या. रंग उडालेला चालतो, पण बॉडीत आरपार भोकं असतील तर पत्रा मारून न्या. मागं बसायला वाढवलेली लोखंडी बाकडी, केज, जादा लाइट असं काही स्वतः जोडलं असेल तर ते काढा. बुकात जी गाडी लिहिली आहे, तशी ती दिसली पाहिजे.

मुदत संपलेली गाडी तिथवर चालवत नेण्यापेक्षा टो करून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवून नेलेली बरी. वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

५. बँकेचा बोजा

बुकात 'एचपी' म्हणून बँकेचं नाव असेल आणि कर्ज कधीच फिटलं असेल, तरी नोंद आपोआप जात नाही. बँकेकडून फॉर्म ३५ च्या दोन प्रती सही-शिक्क्यासह आणि ना हरकत पत्र घ्यायचं.

पण ती बँक आहे कुठं? आपल्या भागात सिंडिकेट बँकेची कर्जं खूप होती. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली, त्याच दिवशी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली, आणि त्याआधी २०१९ मध्ये विजया बँक बडोदा बँकेत. ज्या गावात शाखा होती तिथंच नव्या नावाच्या शाखेत जाऊन जुना कर्ज खाते नंबर सांगायचा. खात्याचा नंबर नसेल तर आरसी बुकाची झेरॉक्स आणि जुनं पासबुक न्या. पतसंस्थेचं कर्ज असेल आणि संस्था बंद पडली असेल, तर सहकार खात्याच्या तालुका कार्यालयात कारभार कुणाकडं गेला ते विचारावं लागतं. याला वेळ लागतो. म्हणून बोजा असेल तर सगळ्यात आधी या कामाला हात घाला, बाकीचं त्यासोबत चालू ठेवता येतं.

६. नावाचा आणि सहीचा घोळ

हे प्रकरण सीमाभागात जेवढं रंगतं तेवढं कुठं रंगत नसेल. माणूस एकच, पण आरसी बुकात इंग्रजीत एक स्पेलिंग, आधारवर कानडीतून पुन्हा इंग्रजीत आलेलं दुसरं, उताऱ्यावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, मतदान कार्डावर आडनावच गायब. त्यात बुकावर पत्ता 'बेळगाम'चा. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे 'बेळगावी' झालं, तेव्हा नव्या कागदांवर तेच येतं. शहराच्या नावानं काही अडत नाही, पण माणसाच्या नावात अक्षर इकडचं तिकडं झालं तर संगणक जुळवून घेत नाही.

उपाय म्हणजे 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीसमोर केलेलं अफिडेव्हिट. ई-स्टँपचा बाँड सौहार्द सोसायट्यांत मिळतो. अफिडेव्हिटमध्ये आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव अगदी जसं छापलंय तसं, स्पेलिंगसकट घाला. टायपिस्ट आपल्या मनानं 'सुधारून' तिसरंच स्पेलिंग लिहितो. सही करण्याआधी अक्षर न् अक्षर बघा.

सहीचंही तसंच. तीस वर्षांपूर्वी गाडी घेताना तुम्ही मराठीत ठसठशीत सही ठोकली असेल आणि पुढं बँकेच्या कामासाठी इंग्रजीत करायला लागला असाल. आरटीओच्या दप्तरात जुनीच सही आहे. फॉर्मवर तीच करा. आठवत नसेल तर जुन्या कागदावर बघून घरी गिरवून जा.

७. विमा, पीयूसी, नंबरपाटी

विमा चालू नसेल तर नावबदलाचा अर्ज पुढं सरकत नाही. पीयूसीचंही तेच. डिझेल जीप धूर ओकत असेल तर एअर फिल्टर आणि ऑइल बदलून, इंजिन चांगलं तापवून मगच पीयूसी काढायला न्या.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना कर्नाटकात उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची केली आहे, आणि तिच्याशिवाय मालकीबदलासारखी कामं अडतात. पाटी अधिकृत संकेतस्थळावरून बुक करायची. रस्त्याकडेला मिळणारी तशीच दिसणारी पाटी चालत नाही. मराठी किंवा कानडी आकड्यांच्या हौसेच्या पाट्या ज्यांनी लावल्यात, त्यांचा वाद इथंच मिटतो, कारण या पाटीवर भाषेचा पर्यायच नाही.

थकलेले ई-चलन असतील तर तेही याच वेळी भरून टाका. गाडी उभीच होती म्हणून चलन नसेल असं धरू नका. मधल्या काळात कुणी तरी 'जरा नेतो' म्हणून नेलेली असते.

८. नावबदल: फॉर्म २९ आणि ३०

आता मुख्य काम. फॉर्म २९ देणाऱ्याचा, फॉर्म ३० घेणाऱ्याचा. कायद्यानं देणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. अर्ज घेणारा जिथं राहतो त्या भागातल्या आरटीओकडं जातो. केए-२२ ची गाडी निपाणीच्या माणसाला दिली तर काम चिक्कोडीला, पण राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो.

सोबत ठेवायचे कागद:

- मूळ आरसी बुक किंवा कार्ड
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०
- विमा, पीयूसी आणि कर भरल्याची पावती
- दोघांचं आधार, पॅन (पॅन नसेल तर फॉर्म ६०) आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा
- चेसिस नंबरची पेन्सिल-प्रिंट
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
- नावात फरक असेल तर अफिडेव्हिट
- बक्षीसपत्र

बक्षीसपत्राबद्दल सांगायला हवं. जंगम वस्तू बक्षीस द्यायला नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२३ व्या कलमानं ताबा दिला तरी बक्षीस पूर्ण होतं. पण साध्या बाँडवर दोन साक्षीदारांसह लिहून ठेवलेलं कामाला येतं: 'गाडी विनामोबदला, राजीखुशीनं दिली, घेणाऱ्यानं स्वीकारली, यापुढं माझा किंवा माझ्या वारसांचा हक्क नाही.' शेवटचं वाक्य सोडू नका. आज तुम्ही दिली, पण उद्या तुमच्याच घरातलं कुणी "ती आमचीच जीप" म्हणत दारात उभं राहू नये. काही एजंट सुचवतात की बक्षीसबिक्षीस नको, पाच हजाराला विकली असं लिहा, सोपं जातं. फॉर्म २९ वर शब्द विक्रीचाच छापलेला आहे, त्यामुळं तेही चालून जातं. मला मात्र न घेतलेले पैसे घेतले म्हणून लिहिणं पटत नाही.

सगळ्यात मोठा सापळा: कोरा फॉर्म. एजंट फॉर्म २९-३० वर फक्त सह्या मागतो, "बाकीचं मी भरतो" म्हणतो. फॉर्म २९ वर गाडी कुठल्या तारखेला दिली याची जागा असते. ती तुमच्या हातानं भरा, घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरा, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. कोऱ्या सहीवर गाडी कुणाच्याही नावावर जाऊ शकते, किंवा कुणाच्याच नावावर न जाता वर्षभर फिरू शकते. एजंट लावूच नका असं मी म्हणत नाही. कानडी येत नसेल, रोजगार बुडत असेल तर लावा. सरकारी फी काही शेकड्यांतच असते, पावती तुमच्या हाती येते; त्याची मजुरी वेगळी ठरवा.

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरला जातो आणि गाडीच्या नोंदीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद पडलेला असेल तर आधी मोबाइल नंबर बदलून घ्या, नाही तर काउंटरवर उभं राहून हे लक्षात येतं.

९. ट्रॅक्टर किंवा पिकअप असेल तर

ट्रॅक्टरचा डबा म्हणजे ट्रेलर वेगळा नोंदलेला असतो. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचं बुक. ट्रॅक्टर एकाच्या नावावर गेला आणि डबा जुन्याच मालकाचा राहिला, असं ऊस वाहतुकीत पुष्कळदा दिसतं. दोन्हींचे फॉर्म वेगळे भरा. अनुदानातून घेतला असेल तर रयत संपर्क केंद्रात अट तपासा.

पिवळ्या पाटीच्या पिकअपला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आठ वर्षांनंतर ते दरवर्षी. कर थकलेला असेल तर आधी भरावा लागतो.

१०. घेणारा सीमेपलीकडं असेल तर

आपली सोयरीक दोन्हीकडं. बहीण शिनोळीत, साडू गडहिंग्लजला. "जीप मावशीच्या पोराला द्या" असं घरात सहज ठरतं आणि मधे राज्याची हद्द आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

अशा वेळी आधी आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला घ्यायचा. त्यावर चेसिसची पेन्सिल-प्रिंट लागते, आणि गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली नाही याची पोलीस नोंदीतून खात्री होते. तो दाखला घेऊन घेणाऱ्यानं कोल्हापूरला अर्ज करायचा (चंदगड, गडहिंग्लज, कागल हे एमएच-०९ मध्ये येतात), फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यायचा, तिथला कर गाडीच्या वयाप्रमाणं भरायचा, आणि नवी नंबरपाटी पुन्हा लावायची.

स्पष्टच सांगतो, वीस-पंचवीस वर्षांच्या जीपसाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो. म्हणून लोक केए नंबर तसाच ठेवून गाडी तिकडं चालवतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो हे कायद्याचं ४७ वं कलम, आणि तोवर नाव तुमचंच. बाची-शिनोळीच्या पलीकडं गाडीनं काय केलं याचा समन्स तुमच्या दारात येतो. अलीकडचा कुणी लायक घेणारा मिळत असेल तर त्यालाच द्या.

११. ताबा देताना

गाडी द्यायच्या दिवशी सीटखालचा, डॅशबोर्डचा आणि टूलबॉक्सचा कोपरा न् कोपरा रिकामा करा. आमच्या जीपच्या सीटखाली सोसायटीच्या जुन्या पावत्या, कोयता आणि कुणाच्या तरी जावळाच्या पत्रिकेचा गठ्ठा निघाला. मीटरचा आणि चारी बाजूंचा फोटो काढा. जॅक, टॉमी, स्टेपनी, जादा चावी दिली असं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा, वेळ टाका.

मग त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि गाडीच्या खोडी सांगा. ब्रेक कितव्या पंपाला लागतो, स्टेअरिंगला खेळ किती, चढावर रेडिएटर कधी तापतो, फोर-व्हील कुठल्या चिखलात टाकायची आणि डांबरीवर ती काढायला विसरू का नये. खानापूरच्या पावसात तिला उघड्यावर ठेवू नको, हेही सांगा. चालवण्याआधी बदलायलाच हवं असं काही असेल, म्हणजे घासलेला टायर किंवा गळणारा ब्रेक सिलिंडर, तर ते लपवू नका. फुकटात दिलेल्या गाडीचा ब्रेकही फुकटातलाच, असं व्हायला नको.

१२. काम झालं की नाही, बघा

अर्ज दिला म्हणजे नाव बदललं असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी एम-परिवहनवर नंबर टाकून मालकाच्या नावाची अक्षरं बदललीत का ते बघत राहा. नवं कार्ड घेणाऱ्याच्या पत्त्यावर गेलं की त्याचा फोटो मागवा. विमा कंपनीला घेणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवून पॉलिसीवर आपलं नाव घालून घ्यायचं असतं; तो करेल म्हणून सोडू नका, एकदा फोन करा.

तुमचा फास्टॅग काचेवर चिकटलेला असेल तर तो खरवडून काढा आणि बँकेकडून बंद करून घ्या. टॅग तुमच्या खात्याला जोडलेला आहे, आणि नवा मालक कोगनोळी किंवा हत्तरगीच्या टोलवरून गेला की पैसे तुमचेच कटतात. डिजिलॉकरमध्ये जुनी आरसी ठेवली असेल तर तीही काढून टाका. फॉर्म २९ ची प्रत, बक्षीसपत्र आणि ताब्याचा कागद मात्र टाकू नका. अपघाताचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा हे तीन कागद एका पाकिटात घालून उताऱ्यांच्या फायलीत ठेवा.